कानातला पहिला दागिना

कानाची पाळी हा शरीराचा बहुधा सगळ्यांत समजूतदार भाग असावा. तिच्यात हाड नाही, कूर्चा नाही. कातडी, थोडी चरबी आणि बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे एवढाच तिचा संसार. टोचली की क्षणभर झिणझिणते, लाल होते आणि मुकाट्याने जखम भरायच्या कामाला लागते. पाळीच्या वरचा कान तसा नाही. तिथे कातडीखाली कूर्चा आहे, आणि कूर्चेला स्वतःची रक्तवाहिनी नसते. तिला घट्ट लपेटून बसलेल्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावर तिला भागवावे लागते. त्यामुळे पाळीचे भोक सहा ते आठ आठवड्यांत बरे होते, तर वरच्या कडेचे भोक सहा महिने आणि कधी कधी वर्षभरही रेंगाळते. कुडी, बाळी, झुबे ही पाळीची मंडळी. बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी वरच्या कडेची. कोणता दागिना घालायचा हे ठरवताना कान कुठे टोचला आहे, हा प्रश्न आधी येतो.

महाराष्ट्रात बाळाचे कान पुष्कळ घरांत बाराव्या दिवशी, बारशाच्या गडबडीतच टोचले जातात. सोनार चोख सोन्याची मऊ तार घेतो, तिचे एक टोक तासून अणकुचीदार करतो. पाळीवर ठिपका देतो, दोन्ही कानांचे ठिपके एका रेषेत आहेत ना हे समोरून पाहतो, आणि पाळी दोन बोटांत ताणून धरतो. बाळ रडायला तोंड उघडते तोवर तार आरपार गेलेली असते. मग चिमट्याने तिला गोल वळण द्यायचे, टोके एकमेकांत गुंतवायची आणि अणकुची आत दडवायची, म्हणजे बाळाचा गाल ओरखडत नाही. या पद्धतीची खुबी अशी की सुई आणि दागिना एकच. टोचणारी वस्तू काढून दुसरी घालायची नसते, त्यामुळे ताज्या जखमेला दुसऱ्यांदा डिवचणे टळते. कान सोनारानेच टोचावेत या म्हणीला व्यवहारात एवढा भक्कम आधार आहे. उणीव आहे ती निर्जंतुकपणाची. तार ज्योतीवर धरली तरी चिमटा सकाळपासून पेढीवर पडलेला असतो, आणि बोटे त्याच हाताची असतात ज्याने नुकत्याच नोटा मोजल्या.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय याच विषयाला दिलेला आहे, आणि तो वाचताना ग्रंथकाराने रडणारी पोरे पुष्कळ पाहिली असावीत याची खात्री पटते. बाळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असावे, पक्ष शुक्ल असावा, त्याला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावे, असे तिथे सांगितले आहे. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून उन्हाकडे धरावा. पाळीतून उजेड पार होतो ती जागा निसर्गानेच भोकासाठी सोडलेली आहे, तिथे सरळ टोचावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. भोकात कापसाची वात घालावी, कच्चे तेल लावावे आणि दर तीन दिवसांनी जरा जाड वात घालत जावे. जागा चुकली आणि शीर लागली तर काय होते तेही आहे. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशी त्या शिरांना नावे दिली आहेत आणि ताप, सूज, मान आखडणे ही लक्षणेही नोंदवली आहेत. सोन्याचा उतावीळपणा त्यात कुठे नाही. आधी भोक भरू द्यायचे, दागिन्याचे नंतर पाहायचे.

सहाव्या महिन्याचा तो सल्ला आजही लागू पडतो, पण कारण निराळे आहे. धनुर्वाताविरुद्धचे संरक्षण देणारी लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. बारा दिवसांच्या बाळाकडे आईकडून गर्भात मिळालेलीच शिदोरी असते, आणि तीही आईने गरोदरपणात लस घेतली असेल तर. बारशाचा मुहूर्त साधण्यापेक्षा पहिल्या लसी होऊ देण्यात शहाणपण आहे.

आता धातू. पहिल्या दागिन्याविषयी बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच, कारण तो दागिना समजून विकत घेतला जातो. खरे तर पहिले काही आठवडे तो उघड्या जखमेत राहणारी वस्तू असतो, त्याला चारही बाजूंनी ओले मांस लागलेले असते. नक्षी, खडे, रंग यांचा विचार तिथे गौण. घाम आणि रक्तद्रव यांच्या सहवासात तो धातू काय सोडतो हे मुख्य. सोने या कसोटीला जवळजवळ पूर्ण उतरते, कारण ते विरघळत नाही, गंजत नाही. पण दागिन्यातले सोने एकटे नसते. २२ कॅरटमध्ये ९१.६ टक्के सोने आणि उरलेले बहुधा तांबे व चांदी. १८ कॅरटमध्ये ७५ टक्के, १४ कॅरटमध्ये सुमारे ५८.५. कॅरट उतरत जाईल तशी परक्या धातूंची गर्दी वाढते. पांढऱ्या सोन्यात तर पांढरेपणा आणण्यासाठी पुष्कळदा निकेलच घातलेले असते.

तान्ह्या बाळाच्या बाळीबाबत एक गंमत आहे. सरकारी हॉलमार्क भारतात २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण दोन ग्रॅमांहून हलक्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणजे ज्या दागिन्याची शुद्धता सर्वांत जास्त महत्त्वाची, त्यावर छाप असेलच असे नाही. तिथे ओळखीच्या सोनाराच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि पावतीवर कॅरट लिहून घेणे हा त्यातल्या त्यात व्यवहारी उपाय.

निकेलची तक्रार नाजूक कातडीच्या लोकांची कुरकुर म्हणून उडवून लावली जाते, ते बरोबर नाही. घामात आणि जखमेतल्या पाण्यात निकेलचे सूक्ष्म कण विरघळतात, कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीराची संरक्षणयंत्रणा त्या जोडीला शत्रू म्हणून लक्षात ठेवते. एकदा ती ओळख पटली की जन्मभर पुसत नाही. कान कधीच बरे झालेले असतात, आणि दहा वर्षांनी घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा जीन्सच्या बटणामागे बेंबीपाशी खाजरे चट्टे उठतात. त्याचे मूळ जत्रेत घेतलेल्या खोट्या कुड्यांत आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. युरोपीय संघाने १९९४ साली टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा आणली. आज तिथे दर चौरस सेंटिमीटरमधून आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. ‘एक ग्रॅम सोन्या’चे दागिने दिसायला कितीही झळझळीत असले तरी वरचा मुलामा पातळ असतो, आणि खाली पितळ किंवा निकेलचा थर असू शकतो. ते लग्नात घालावेत, ताज्या भोकात घालू नयेत. चांदीही इथे नको: ती काळी पडते आणि तिचा डाग कातडीत कायमचा बसू शकतो.

सोन्याला पर्याय टायटॅनियमचा. हाडांत बसवायच्या सांध्यांना आणि स्क्रूंना वापरतात तेच मिश्रण, एफ-१३६ या मानकाचे, कानासाठीही मिळते. ते हलके, निकेलविरहित आणि सोन्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. ‘सर्जिकल स्टील’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी फार असतो. त्यातल्या ३१६एल या जातीत दहा ते चौदा टक्के निकेल असते. ते घट्ट बांधलेले असल्याने बहुतेकांना चालते, पण ज्यांना निकेल आधीच बाधलेले आहे त्यांना नाही.

घडणीचा विचार धातूइतकाच करावा लागतो. टोचल्यावर पाळी सुजते, आणि दांडी आखूड असेल तर पुढचे फूल व मागची फिरकी मांसात रुतून बसतात. दांडीला दोन-तीन मिलिमीटरची ऐसपैस जागा हवी. आपल्याकडच्या कुड्यांना मळसूत्री दांडी असते. तिचे आटे नंतर दागिना पडू नये म्हणून उत्तम, पण जखमेत तेच आटे लस आणि मळ धरून ठेवतात आणि काढताना नवी कातडी खरवडतात. पहिल्यासाठी गुळगुळीत दांडी आणि मागे सपाट चकती बरी. ती उशीवर टोचत नाही. पाळीला तारेची बाळी चालून जाते, कारण ती हलकी असते. वरच्या कडेला मात्र सुरुवातीला रिंग नकोच. ती सारखी फिरते आणि बाहेर वाळलेली खपली आत ओढून नेते. ढोलताशा पथकात मिरवण्यापुरती भिकबाळी हवी असेल तर दाबाची मिळते. दोन मोत्यांसाठी वर्षभर जखम सांभाळण्यापेक्षा ती परवडली.

पार्लरमधल्या गनचा मोह टाळावा. तिच्यात धारदार सुई नसते. स्प्रिंगच्या धक्क्याने दागिन्याचीच बोथट दांडी मांसात ठोकली जाते. पाळी हे सोसते, कूर्चा चिरडते. शिवाय गनचा सांगाडा प्लॅस्टिकचा असला तर तो ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या वाफेत घालता येत नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला की झाले असे मानले जाते. एकदाच वापरून फेकायची पोकळ सुई आणि हातमोजे घातलेला हात, मग तो डॉक्टरचा असो की शिकलेल्या कारागिराचा, हा चांगला मार्ग.

भोक भरते म्हणजे नक्की काय होते, हे कळले की निगा आपोआप कळते. कातडी दोन्ही तोंडांकडून आत सरकत येते, दांडीभोवती नळीसारखी वाढते आणि मध्यावर एकमेकींना भेटते. बाहेरची तोंडे आधी सुबक दिसू लागतात, आतला मधला भाग अजून कच्चाच असतो. तिसऱ्या आठवड्यात ‘झाले बरे’ म्हणून दागिना बदलला की आतली कोवळी कातडी फाटते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. रोज दागिना फिरवत राहावा, नाहीतर चिकटतो, हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तोही याच कारणाने चुकीचा आहे.

निगा फार थोडी आहे, आणि थोडी आहे म्हणूनच लोकांना ती पटत नाही. दिवसातून दोनदा, हात साबणाने धुऊन, मिठाच्या पाण्याने भोकाची दोन्ही तोंडे ओली करायची, खपली भिजून सैल झाली तर स्वच्छ गॉझने टिपायची, कोरडे करायचे. औषधाच्या दुकानातले ०.९ टक्क्यांचे सलाइन सर्वांत सोपे. घरी करायचे तर उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ, त्याहून जास्त नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, न मिसळलेले डेटॉल जंतूंबरोबर नव्या पेशीही जाळतात. राहिली हळद आणि खोबरेल. तेलाने खपली मऊ होते हे खरे, आणि हळदीत जंतूंना रोखणारा गुण प्रयोगशाळेत दिसतो हेही खरे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण भोकात अडकून बसतात, आणि तेलाचा थर धूळ धरतो. कडुलिंबाच्या काडीचे तेच. भोक बुजू नये म्हणून गावोगाव मुलींनी कानात ती काडी किंवा केरसुणीचा हीर घातला, कारण सोने परवडत नव्हते. परवडत असताना तो वारसा चालवायचे कारण नाही.

उपचारापेक्षा धक्के चुकवणे अवघड. टॉवेलचा सुटा धागा, अंगावरून काढताना अडकणारा कुर्ता, कंगव्याचा दात, बाळाच्या लोकरी कानटोपीचे विणीतले भोक. दुचाकीवाल्यांसाठी हेल्मेट: घालताना आणि काढताना त्याचे आतले अस्तर कानाची वरची कड दुमडत जाते, म्हणून कूर्चा टोचली असेल तर पट्टा पूर्ण सैल करून, दोन्ही बाजू बाहेर ताणून ते उतरवावे. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदलावा. पोहणे बंद.

पहिले काही दिवस थोडा ठणका, लाली आणि पांढरट-पिवळसर पातळ स्राव येणारच. तो वाळून खपली होते. घट्ट, दुर्गंधीयुक्त पू, वाढत जाणारी सूज, कान गरम लागणे आणि ताप हे प्रकरण वेगळे. पाळीत असे झाले तरी दागिना आपल्या मनाने काढू नये; तोंडे मिटतात आणि पू आत कोंडतो. कूर्चेत झाले तर एक दिवसही थांबू नये. तिथे पाण्यात राहणारे स्यूडोमोनास हे जंतू शिरले तर पू कूर्चा आणि तिचे आवरण यांच्यात साचतो, पोसणारे आवरण सुटते, कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बसतो. नेहमीच्या प्रतिजैविकांना हे जंतू दाद देत नाहीत, म्हणून घरात उरलेल्या गोळ्या घेऊन पाहणे धोक्याचे. भोकापाशी गुळगुळीत, टणक गाठ महिनोन्‌महिने वाढत राहिली तर ती केलॉइडची. सावळ्या कातडीत आणि अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांत ती जास्त आढळते. घराण्यात कुणाला असेल तर नवे भोक पाडण्याआधी विचार करावा.

पाळीचा दागिना दोन महिन्यांनी बदलता येतो, पण पहिले वर्षभर भोक रात्रभरही रिकामे ठेवू नये. जड झुब्यांची वेळ त्यानंतर. वजन पाळीतल्या त्या चिमुकल्या नळीवर पडते आणि ती वर्षागणिक खाली ओघळत लांबते. जुन्या लोकांनी यावर कानाची वेल काढली होती: झुब्याचा भार उचलून केसांत अडकवणारी मोत्यांची सर. आज ती शोभेपुरती उरली आहे आणि कित्येकदा वेलच झुब्याहून जड असते. पाळी फाटलीच तर तेवढाच भाग बधिर करून अर्ध्या तासात शिवता येते. सुश्रुताच्या त्याच अध्यायात तुटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार दिलेले आहेत. नवे भोक काही महिन्यांनी, शिवणीच्या रेषेवर न पाडता तिच्या शेजारी पाडतात, आणि त्यात पुन्हा सहा आठवडे हलकी, गुळगुळीत दांडीच घालावी लागते.