मुलींच्या हाती आलेली लेखणी

आज दिवसभर ऑस्कर मनातून जात नाही. रियोको इकेदा यांच्या ‘रोझ ऑफ व्हर्साय’ची ही नायिका. बापाने मुलासारखी वाढवलेली, राजघराण्याच्या रक्षकदलाची अधिकारी, आणि अखेर फ्रेंच राज्यक्रांतीत बॅस्टिलच्या लढाईत लोकांच्या बाजूने उभी राहणारी. १९७२ साली ‘मार्गारेट’ या जपानी साप्ताहिकात ही चित्रमालिका सुरू झाली. मुलींना इतिहासात काय रस असणार, ही संपादकांची शंका वाचक मुलींनीच खोटी ठरवली. १९७४ मध्ये ताकाराझुकाच्या केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळीने ऑस्करला रंगमंचावरही आणलं.

मुलींसाठीच्या या चित्रकथा म्हणजे शोजो मांगा. सुरुवातीच्या काळात त्या बहुतांशी पुरुषच काढत. ओसामु तेझुका यांनी १९५३ मध्ये तलवार चालवणारी राजकन्या रंगवली, ती मला फार आवडते. पण सत्तरच्या दशकात इकेदा, मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा तरुण स्त्रियांनी लेखणी हाती घेतली आणि एकटेपण, मृत्यू, देहाची ओढ हे सगळं कथेत आलं. चित्रांच्या चौकटी मोडल्या, मनातले शब्द पानभर मोकळे वाहू लागले.

या चित्रकथांतल्या टपोऱ्या, चमकत्या डोळ्यांना ‘गोड’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा मला राग येतो. त्या डोळ्यांतूनच तर पात्राचं मन दिसतं. मुलींचं आवडतं ते हलकं, हा समज किती खोलवर रुजला आहे! साहित्याचा इतिहास लिहिताना या स्त्रियांना मानाचं पान मिळायलाच हवं.