थंडीची लाट, मुक्काम पोस्ट बीड

थंडीची लाट दुपारी कुणाला भेटत नाही. बारा-एकच्या सुमाराला बीडच्या सुभाष रोडवर लोक स्वेटर कमरेला बांधून हिंडत असतात, ऊन चांगलं चटकत असतं आणि नव्या माणसाला वाटतं, हवामान खात्याचा अंदाज चुकला. तिची भेट हवी असेल तर सूर्य वर येण्याआधी मांजरसुंब्याच्या घाटात जाऊन उभं राहा. दुचाकीवरचा दूधवाला तिथे गाडी थांबवतो, गरम इंजिनाजवळ दोन्ही तळवे धरतो आणि बोटं वळायला लागली की मगच पुढे निघतो.

घराण्याच्या गोष्टी मात्र ती मोठमोठ्या सांगते. युरोप-अमेरिकेत ध्रुवावरचा गारठा खाली उतरल्याच्या बातम्या आल्या, की आपल्याकडेही तिला थेट उत्तर ध्रुवाची लेक ठरवून टाकतात. तसं नाही. तिकडची हवा हिमालय अडवतो. हिचं माहेर बरंच अलीकडे. पश्चिमेकडून येणारे झंझावात काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून पुढे सरकतात आणि त्यांच्या पाठीमागून कोरडे, गार वारे सातपुडा ओलांडून खाली येतात. बाकीचं काम इथलंच. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवेत ओल नाही, अशा रात्री दिवसभर तापलेली जमीन आपली सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळी होते. पाहुणी म्हणावं तर ती अर्धी घरचीच आहे.

मान तिला फार लागतो. नुसता गारठा पडला म्हणून तिला कुणी लाट म्हणत नाही. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली हवं, शिवाय ते सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी उतरलेलं हवं, आणि हे दोन ठिकाणी लागोपाठ दोन दिवस व्हायला हवं. किनाऱ्यावर मात्र 15 अंशांवरच तिची लाट होऊ शकते. मुंबईकर एवढ्यावर कपाटातून कानटोपी काढतो म्हणून आम्ही हसतो. ते हसणं बरोबर नाही. समुद्राच्या उबेत वाढलेल्या अंगाला तेवढाही गारठा झोंबतो. आणि तिने मनावर घेतलं तर समुद्रालाही ती जुमानत नाही. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझचा पारा 7.4 अंशांवर आला होता. पुण्यात तर 17 जानेवारी 1935 ला तो 1.7 पर्यंत उतरला. बीडच्या नावावर असे गाजलेले आकडे नाहीत. मराठवाड्याचा नीचांक बहुतेक वेळा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या उघड्या रानातला असतो. आम्ही पेपरात परभणीचा आकडा वाचतो आणि गोधडी कानावर ओढून घेतो.

ढग तिला अजिबात खपत नाहीत. बंगालच्या उपसागरात काही शिजलं आणि आभाळ भरून आलं, की रानावर पांघरूण पडल्यासारखी रात्र उबदार होते आणि ती कुणाला न सांगता निघून जाते. शहरातली माणसं सुटकेचा श्वास सोडतात. शेतकरी मात्र काळजीत पडतो, कारण ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळी येते, ज्वारीवर मावा पडतो. ती परत यावी म्हणून वाट पाहणारा माणूस तोच.

तिचे आणि रब्बीचे संबंध जुने आहेत. गव्हाला तर ती लागतेच. गारठा मिळाला की गहू फुटवे चांगले धरतो. ज्वारीशी कधी जमतं, कधी बिनसतं. कणीस फुलोऱ्यात असताना पारा फार खाली गेला तर दाणा नीट भरत नाही. जागा निवडण्यातही तिच्या खोडी आहेत. गार हवा जड असते. रात्री ती बालाघाटाच्या उतारांवरून खाली सरकते आणि सखल रानात साठून राहते. म्हणून माळावरचं पीक तरतरीत असतं आणि त्याच गावातलं ओढ्याकाठचं रान सकाळी मान टाकून बसलेलं दिसतं.

लाड होतात ते हुरड्याच्या दिवसांत. बांधाशेजारी खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसतात. चोळणाऱ्याचा हात पाहण्यासारखा असतो. भाजलेलं कणीस तळहातावर घेतो, दोन्ही हातांत दाबून रगडतो, फुंकर मारतो, कोंडा उडतो आणि हिरवे दाणे चटणीशेजारी येऊन पडतात. तळवा लालबुंद होतो, पण हात थांबत नाही. लातूरच्या सीमेकडे, अंबाजोगाईच्या भागात वेळा अमावस्येला रानात कडब्याची कोप उभी राहते. आंबील आणि भज्जीच्या पंगती बसतात. थंडी नसेल तर त्या जेवणाची निम्मी गोडी गेली.

रात्रीच्या वेळी तिची वागणूक वेगळी. कडाका वाढला तर पिकाला रात्री हलकं पाणी द्यावं, ओल्या जमिनीत ऊब टिकते, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो आणि तो खरा आहे. शेतीपंपाची वीजही अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्री येते. पीक वाचतं, दारं धरणाऱ्याचे पाय पहाटेपर्यंत त्याच पाण्यात असतात.

पण तिचा सगळ्यात जास्त सहवास ज्यांना घडतो, ते या दिवसांत बीडमध्ये नसतातच. दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केजमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाशेजारी किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात. बांबू, पाचट, वरून ताडपत्री. बाई पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवते, भाकरी बांधते आणि उजाडायच्या आत जोडपं फडात उतरतं. उसाचं पान दहिवराने भिजलेलं असतं. पहिल्या मोळीलाच बाही कोपरापर्यंत ओली होते. पानाच्या धारेने हातावर चरे पडलेले असतात, त्यांत ते गार पाणी शिरतं. तान्हं पोर फडाच्या कडेला पाचटावर गोधडीत गुंडाळलेलं असतं.

इकडे बीड जिल्ह्यासाठी येलो अलर्ट निघतो. गावात उरलेला म्हातारा तो मोबाइलवर वाचतो आणि लेकाला फोन लावतो, "लई थंडी पडायली म्हणं. दिस उगवल्याबिगर लेकराला बाहेर काढू नका." तिकडे गाडी भरायची असते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा इशारा जिल्ह्यांच्या नावाने निघतो तसाच तो साखर कारखान्यांपर्यंत आणि मुकादमांपर्यंतही रीतसर पोहोचावा. लाटेच्या दिवसांत तोड उजाडल्यावर सुरू व्हावी आणि तेवढ्यासाठी कुणाची मजुरी कापली जाऊ नये. प्रत्येक तळावर पोरांना निजायला चार भिंतींची एक पक्की खोली असावी, आणि ती पुढच्या हंगामात टोळ्या यायच्या आत बांधलेली असावी.