आधी वाट, मग घटनास्थळ

जून २०२५ मध्ये सुकमा जिल्ह्यातील कोंटा भागात नक्षलवाद्यांनी एक खोदाई यंत्र जाळले. त्याची पाहणी करण्यास गेलेले अतिरिक्त पोलीस अधीक्षक आकाश राव गिरपुंजे पेरलेल्या स्फोटकाच्या स्फोटात मृत्यू पावले. ते मूळचे रायपूरचे. सारे शहर हळहळले. परंतु हळहळ ओसरल्यावर प्रशासनाने स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. ही घटना खरोखर नवी होती काय?

१ मे २०१९ आठवून पाहा. गडचिरोलीतील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने रात्री जाळण्यात आली. तिकडे निघालेले शीघ्र कृती दल जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात सापडले. १५ पोलीस आणि खासगी गाडीचा चालक प्राणास मुकले. त्याआधी १२ जुलै २००९ रोजी राजनांदगाव जिल्ह्यातील मदनवाडा येथे प्रथम पोलीस चौकीवरील जवान मारले गेले आणि मदतीस धावलेल्या तुकडीवर वाटेत दबा धरून हल्ला झाला. त्या दिवशी २९ पोलीस गेले. त्यांत पोलीस अधीक्षक विनोदकुमार चौबे हेही होते.

तिन्ही प्रसंगांत पहिली घटना लहान आणि दुसरी भीषण. शत्रूने पोलिसांचे शौर्य आणि कर्तव्यतत्परता हेच आमिष म्हणून वापरले.

म्हणूनच सुरक्षितता केवळ चिलखती जाकिटे आणि सुरुंगरोधक वाहने यांनी येत नाही. ती हवीतच, पण निर्णय कसा घेतला जातो हे अधिक महत्त्वाचे. मी ज्या आढावा बैठकांना बसलो, तेथे "किती वेळात पोहोचलात?" हा प्रश्न हमखास ऐकला, "कसे पोहोचलात?" हा क्वचितच. वरून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये घाई असते आणि ती उतरंडीने खाली जाताना वाढत जाते. शेवटी गाडीत बसणाऱ्या शिपायाच्या हाती नकार देण्याचा अधिकार उरत नाही.

हे बदलणे नेतृत्वाचेच काम. यंत्र तर जळून गेले आहे. पंचनामा चार तास उशिरा झाला तरी चालेल, असे अधीक्षकाने स्पष्ट म्हटले पाहिजे. रस्ता तपासणारी तुकडी परतेपर्यंत कोणीही निघणार नाही, हा नियम त्याने सर्वप्रथम स्वतःला लावावा. "साहेब, ही वाट नको" असे म्हणणाऱ्या हवालदाराला भित्रा न ठरवता त्याची नोंद घ्यावी. आणि उशिराचा जाब मंत्रालय वा वृत्तपत्रे विचारतील, तेव्हा तो स्वतः द्यावा.

अमेरिकेतील पोलिसांत 'बिलो हंड्रेड' नावाची मोहीम चालते. कर्तव्यावरील मृत्यू वर्षाला शंभराच्या आत आणणे हा तिचा हेतू. तिच्या पाच साध्या सूत्रांपैकी एक म्हणजे वेग आवरा आणि दुसरे म्हणजे या क्षणी महत्त्वाचे काय ते ओळखा. बस्तरच्या वाटेवरही हीच दोन सूत्रे लागू पडतात.

ही जबाबदारी एकट्या पोलिसांची नाही. जिल्हाधिकारी, सचिव, आपण सर्वच त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो. खालच्या माणसाला चार तासांची मुभा देणे आपल्याच हाती आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.