साखळीतले हात

वाचकहो, कबड्डीचा सामना पाहताना आपली नजर बहुधा चढाई करणाऱ्या खेळाडूवर खिळलेली असते. एकटा गडी सात जणांच्या अंगणात शिरतो, कोणाला तरी शिवून परत येतो आणि टाळ्या घेऊन जातो. त्या टाळ्या त्याच्या हक्काच्याच आहेत. परंतु पन्नासहून अधिक वर्षे हा खेळ पाहून माझे मत असे झाले आहे की, चढाईने सामन्याला रंग येत असला तरी संघ उभा राहतो तो बचावाच्या बळावर. हातात हात गुंफून, श्वास रोखून, मागेपुढे सरकणाऱ्या त्या साखळीकडे एकदा नीट पाहा. आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशाला, असे आपणास वाटेल. ज्या घरात वृद्ध वा आजारी माणूस आहे, त्या घराचा दिवस बचाव करण्यातच जात असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी राहतो ते पासली हे गाव वेल्ह्याहून केळदच्या मढे घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. चार महिने धो धो पाऊस, भाताची शेती, आणि कर्ती मुले पुण्या-मुंबईत. आमच्या लहानपणी भात निघाल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरात हुतूतू रंगत असे. चुन्याच्या रेषा नसत, काठीने ओढलेली मध्यरेषा पुरे. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, गावच्या संघात डावा कोपरा सांभाळत. त्यांची घोटा पकड एकदा बसली की भलाभला गडी मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे आडवा होई. ते म्हणत, "गड्याच्या डोळ्यांकडे बघू नये, पायांकडे बघावं. डोळे फसवतात, पाय फसवत नाहीत."

याच दादांना २०२३ च्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. सकाळी चहाची कपबशी हातातून निसटली, तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द अडखळू लागले. वेळेवर रुग्णालय गाठता आले म्हणून जीव वाचला. मात्र उजवा हात आणि उजवा पाय दुबळा राहिला. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण अचानक दिसले तरी "थोडे पडून राहा, बरे वाटेल" असे म्हणत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. चढाईला तीस सेकंद असतात, या आजाराला एवढेच तास. डोंगराळ भागातल्या माणसाचे त्यातले बरेचसे रस्त्यातच जातात.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये प्रो कबड्डीचा दहावा हंगाम सुरू झाला. दादांचे बोलणे तेव्हा तुटक होते, मन खचलेले होते. भिंतीकडे तोंड करून ते पडून राहत. दूरचित्रवाणीवर कबड्डीचा घोष ऐकू आला आणि ते कुशीवर वळले. तेथून पुढे तीन महिने पुणेरी पलटणचा हंगाम हा आमच्या घराचाही हंगाम झाला.

त्या संघाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आदल्या हंगामात, १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली होती. विजेतेपद तोवर एकदाही मिळालेले नव्हते. मग लिलावात त्यांनी इराणचा बचावपटू मोहम्मदरझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. गंमत अशी की, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवले. तेव्हा शादलुई इराणच्या संघात होता आणि पलटणचा अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार भारताच्या. दोन महिन्यांत हे दोघे एकाच अंगणात उभे राहिले आणि अस्लम त्या संघाचा कर्णधार झाला.

साखळी फेरीतील २२ सामन्यांपैकी पलटणने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि केवळ २ गमावले. ९६ गुणांसह ती अव्वल राहिली. उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७-२१ असे नमवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, ते सर्वांच्या स्मरणात राहिले. माझ्या ध्यानात राहिला तो धावफलकावरचा आकडा. चाळीस मिनिटांच्या खेळात प्रतिपक्षाला पंचविसावर थोपवणे, हे बचावाचे काम.

हा बचाव घडला कसा? डाव्या कोपऱ्यात शादलुई, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. शादलुईने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले. ते सर्व संघांत सर्वाधिक होते. असे असले तरी त्याचा उतावळेपणा मला कधी कधी खटके. चढाईपटू पुरता आत शिरण्याआधीच तो झेप घेई. अशी झेप फसली तर संघाचा एक गुण जातो आणि गडीही जातो. ती बहुतेक वेळा फसली नाही, कारण त्याच्या झेपेबरोबर मधले दोघे गड्याच्या वाटेत येऊन उभे राहत. मोहित गोयतसारखा चढाईपटूसुद्धा हात झटकून बाजूला न होता पकडीत अंग टाकी. बी. सी. रमेश या प्रशिक्षकांनी बसवलेली घडी मला यात दिसली. एकाने पाय धरायचा, दुसऱ्याने कंबर, तिसऱ्याने मध्यरेषेची वाट बंद करायची. धरणारा एक दिसला तरी पकड सगळ्यांची.

कबड्डीच्या नियमांत बचावाला एक मोठा मान आहे. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. त्याला अव्वल पकड म्हणतात. घर रिकामे होत आले असताना उरलेल्यांनी पाय रोवले, तर खेळ त्यांना दुप्पट देतो. आमच्यासारख्या ओस पडत चाललेल्या गावातल्या म्हाताऱ्यांना हा नियम विशेष प्रिय वाटावा, यात नवल नाही.

वाचकहो, आमच्या घरात त्या वेळी कोपरा, मध्य आणि उरलेली सारी जागा एकट्या वहिनी लढवत होत्या. वय ७३. दादांना उठवणे, बसवणे, आंघोळ, औषधे, रात्रीची हाक. त्यांच्या तोंडून तक्रार कधी आली नाही. भिंतीला हात टेकून उठण्याची सवय मात्र त्यांना लागली. एका सामन्यात पलटणचा एक बचावपटू साखळी सोडून एकटाच गड्याच्या अंगावर गेला आणि गडी सहज निसटला. दादा पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी डावा हात उचलून वहिनींकडे बोट दाखवले आणि मोठ्या कष्टाने दोन शब्द उच्चारले, "ही... एकटी." झटक्यानंतर स्वतःच्या दुखण्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले शब्द.

दुसऱ्याच दिवशी आम्ही घराची साखळी बांधायला घेतली. रात्रीची जबाबदारी माझी. शनिवार-रविवारी पुण्याहून येणारा पुतण्या आंघोळ आणि दाढी पाहील. सूनबाईंनी फिजिओथेरपिस्टकडून दादांना पलंगावरून खुर्चीत कसे हलवायचे ते शिकून घेतले. औषधांच्या वेळा वहीत लिहून ती वही दाराशी टांगली, म्हणजे कोणीही आला तरी त्याला विचारावे लागू नये. दुपारचे दोन तास शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा दादांजवळ बसे आणि वहिनी निजत किंवा देवळात जात. ते दोन तास त्यांचे. त्यात घरातले काम सांगायचे नाही, असे ठरले.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दादांनाही साखळीत जागा दिली. आजारी माणूस म्हणजे इतरांनी राखायचे निव्वळ अंगण, असे समजले की तो मनाने मैदानाबाहेर जातो. मध्यंतराच्या पाच मिनिटांत खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन दहा वेळा उठायचे आणि बसायचे, हे काम त्यांचे. मोजायचेही त्यांनीच, मोठ्याने. पहिल्या आठवड्यात तीनवर थांबत. फेब्रुवारीत दहा पूर्ण झाले. हा व्यायाम त्यांना तज्ज्ञांनी तपासून सांगितलेला होता आणि शेजारी कोणी तरी उभे असे. आपणही तसेच करावे.

आता पुढच्या हंगामाविषयी, कारण त्यातही शिकण्यासारखे आहे. २०२४ च्या अकराव्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, अस्लम दुखापतीने बाहेर बसला, आणि गतविजेती पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने चषक उंचावला, तोही पुण्यातल्या बालेवाडीत. पुष्कळ चाहत्यांनी सारा दोष एका खेळाडूच्या जाण्याला दिला. मला ते पटत नाही. माणसे जातात, दुखापती होतात. हे धरूनच संघ बांधायचा असतो. कोपरा रिकामा झाला तर तेथे उद्या कोण उभा राहील, याचे उत्तर हंगामाआधी तयार हवे.

त्याच हिवाळ्यात वहिनी तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. सूनबाई पुण्याहून आल्या, वही पाहिली आणि पहिल्या दिवसापासून दादांना हलवू लागल्या. घर डगमगले, पण कोसळले नाही. म्हणून शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझे सांगणे आहे की, आपल्या जागी उभा राहू शकेल असा एक तरी राखीव गडी आजच शिकवून ठेवा. स्वतःचा रक्तदाब, साखर आणि कंबर यांची तपासणी पुढे ढकलू नका. पकडणाराच जायबंदी झाला तर राखायचे कोणी?

बचावाची आणखी काही कामे घरातली आहेत. म्हातारपणी पडणे हाच मोठा प्रतिस्पर्धी. न्हाणीघरात धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा, शौचालयाच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा, पायात सरकणारी सतरंजी नको, ओल्या अंगणात झिजलेली चप्पल नको. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर कडेला बसावे, मग उभे राहावे. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढवणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओट्याला धरून एका पायावर काही क्षण उभे राहणे, टाचा उचलणे, एवढ्यापासूनही प्रारंभ होतो.

सामना पाहण्याचेही पथ्य असते. रात्रीच्या गोळ्या सामना संपेपर्यंत लांबवू नयेत. आमच्याकडे त्या मध्यंतरातच दिल्या जातात. छातीत धडधड वाढली, दडपण वाटले, तर पडदा बंद करून उठावे. आणि शक्यतो एकट्याने पाहू नये. पलटणच्या पकडीवर ओरडताना दादांच्या जिभेला जेवढा व्यायाम झाला, तेवढा पाठ करायला दिलेल्या शब्दांनी झाला नसता, असे मला वाटते.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती आणि दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. हैदराबादेत जिंकताना तिचे गुण अठ्ठावीस होते, दिल्लीत हरतानाही अठ्ठावीसच. आपले गुण तेवढेच असताना निकाल फिरतो तो समोरच्याला किती दिले यावर. दादांची उजवी मूठ अजून पुरती मिटत नाही. ती मिटेल की नाही, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. परंतु ते पडलेले नाहीत, वहिनी एकट्या नाहीत आणि वही दाराशी टांगलेली आहे. आपल्या घरात आज साखळीत किती हात आहेत ते एकदा मोजून पाहा, आणि एकच निघाला तर या आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी हाक मारा.