ऑक्सिजन मोजून घ्या

संशोधनाला लागल्यावर बरीच वर्षं मी नमुने बनवणाऱ्यांना मनातून दुय्यम मानत असे. भौतिकी म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्यांची समीकरणं. खलात पूड घोटून भट्टीत घालणं हे कुणीतरी आमच्यासाठी करून ठेवायचं काम. उघड कधी बोलले नाही, पण शोधनिबंधातला नमुन्याच्या तयारीचा परिच्छेद गाळूनच पुढे जायचे. आता तोच आधी वाचते.

पहिला धक्का इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा. १९८७ साली हा पदार्थ ९० केल्विनच्या वरच अतिवाहक होतो असं दिसलं आणि द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला चालेल असा अतिवाहक हाती आला. त्याच्या सूत्रात ऑक्सिजनचे जवळपास सात अणू असतात. ते सहावर आणा: तिन्ही धातूंचं प्रमाण तेच राहतं, पण पदार्थ चक्क विद्युतरोधक होतो. मधे कुठेतरी साठेक केल्विनवर थबकणारा टप्पाही आहे. आणि हे ठरतं कशावर, तर भट्टी ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश उतरवली की नमुना गरम असतानाच बाहेर ओढला, यावर! ज्या फरकासाठी मी पानंच्या पानं गणित करत होते, तो शेजारच्या खोलीत रात्रीतून ठरत होता.

तरी माझा हेका सुटला नव्हता. २००४ मध्ये ओहटोमो आणि ह्वांग यांनी स्ट्रॉन्शियम टायटनेटवर लँथेनम अ‍ॅल्युमिनेटचा पातळ थर चढवला. दोन्ही विद्युतरोधक, पण सांध्यातून वीज वाहते. वरच्या पदार्थात धन-ऋण भारांचे थर आलटून पालटून येतात, म्हणून इलेक्ट्रॉन सांध्याकडे ढकलले जातात, हे स्पष्टीकरण मला इतकं देखणं वाटलं की दुसरं ऐकायची तयारीच नव्हती. पुढे कळलं, की कमी ऑक्सिजन-दाबाखाली वाढवलेल्या नमुन्यांत बरीचशी वीज खालच्या टायटनेटमधून निसटलेल्या ऑक्सिजनची कृपा होती. नंतर ऑक्सिजनमध्ये तापवलेल्या नमुन्यांतही थोडी वाहकता उरते, तीही अ‍ॅल्युमिनेटचे किमान चार थर असतील तरच. म्हणजे देखणं स्पष्टीकरण अगदीच फुकट गेलं नाही. पण ते किती खरं, हे ठरवायलाही ऑक्सिजनचा हिशेबच लागला.

निकेलेटने मात्र मला पुरतं गप्प केलं. निकेलचे ऑक्साइड तांब्याच्या ऑक्साइडांसारखे वागू शकतील, ही सैद्धांतिक शक्यता १९९९ साली मांडली गेली होती. अतिवाहक निकेलेट दिसला २०१९ मध्ये, स्टॅनफर्डला. आधी पातळ थर वाढवायचा, मग कॅल्शियम हायड्राइडसोबत तापवून त्यातल्या ठरावीक जागांचा ऑक्सिजन अलगद काढून घ्यायचा, बाकीचा सांगाडा न मोडता. मधल्या वीस वर्षांत अडलं होतं ते या हातोटीपाशी, आम्हा सिद्धांतवाल्यांपाशी नव्हे.

म्हणून सिद्धांताकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता एकच आग्रह करते: एक तरी ऑक्साइड स्वतः भाजा आणि त्यातला ऑक्सिजन स्वतः मोजा. इट्रियमवाल्या पदार्थासाठी फार मोठं यंत्रही लागत नाही. आयोडिन आणि हायपोचं, बी.एस्सी.ला करतात ते टायट्रेशन पुरतं.