बंदीच्या दिवसांतले घर

जून उजाडला की आमच्या मालवण किनाऱ्यावर नौका वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झापांचे किंवा ताडपत्रीचे आच्छादन चढते आणि एरवी पहाटेच बाहेर पडणारा बाप घरात दिसू लागतो. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास शासनाची मनाई असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या ही त्यामागची कारणे. मुलांच्या संगोपनाच्या दृष्टीने आमच्या दर्यावर्दी कुटुंबांना वर्षभरात एवढी मोठी संधी दुसरी मिळत नाही, असे आम्हांला वाटते. एवढी कठीण परीक्षाही दुसरी नाही.

परीक्षा अशासाठी की, याच दिवसांत हाती पैसा नसतो आणि याच दिवसांत शाळा सुरू होते. वह्या, गणवेश, छत्री सारे एकदम दारात उभे राहते. नौकेच्या डागडुजीचा खर्च वेगळाच. रिकामा वेळ आणि रिकामा खिसा एकत्र आले की काही घरांत बाटली शिरते व बापाची चिडचीड मुलांच्या पाठीवर उतरते. पावसाळ्यात आम्ही घरोघरी भेटीस जातो, तेव्हा मुले कोठे बसली आहेत, यावरूनच त्या घराचे हवामान आम्हांला कळते. एका माउलीने आम्हांला सांगितले होते, "फादर, ते दर्यार असले की झील वाट बघता, नि घराकडे असले की झील बाहेर पळता."

त्या गृहस्थांना आम्ही उपदेश केला नाही. जाळी दुरुस्त करायला बसाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा, इतकेच सुचविले. जाळ्याचे आस मोजणे, फाटलेल्या भागाला किती दोरा लागेल याचा अंदाज घेणे, गाठ सारखी मारणे हे सारे शिक्षणच आहे. ज्याची शाळा चौथीत सुटली, तो बापही येथे गुरुजी होऊ शकतो. लहान मासा निसटावा म्हणून आस मोठा का ठेवायचा, हेही मुलाला येथेच समजते. तो मुलगा पुढे गणितात पहिला आला, असे सांगण्याचा मोह होतो. पण तसे काही झाले नाही. तो संध्याकाळी घरी थांबू लागला, एवढेच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक, असे त्यात म्हटले आहे. आमच्याकडे 'आईवडील' या शब्दातले वडील बहुधा समुद्रावर असतात आणि सारा भार आईवर पडतो. शिकवणीचे पैसे भरले की आपले कर्तव्य संपले, असे मानणारे वडीलही आम्ही पाहिले आहेत. (शिकवणीला आमचा विरोध नाही, पण सहावीतल्या मुलाला खेळायला तासभर उरू नये, हे काही बरे नव्हे.)

घरात पैशाची तंगी असेल तर मुलांपासून ती लपवू नये. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हिशेब समजतो. नव्या दप्तराऐवजी जुनेच शिवून का घ्यायचे, हे शांतपणे सांगितले तर तो हट्ट करीत नाही. २४ जूनला संत योहानाचा सण येतो. मुलांना फुलांचे मुकुट करू द्यावेत, आणि विहिरीत उडी घ्यायचीच असेल तर पोहणारा बाप काठावर उभा हवा. पावसाळी खाडीत व समुद्रात मात्र उतरू देऊ नये. संध्याकाळी जपमाळेच्या वेळी मोबाइल, बापाचाही, कपाटात ठेवावा. त्यानंतर अर्धा तास मोठ्याने वाचन व्हावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठीत ओवीबद्ध प्रसिद्ध झाले. त्याच्या देवनागरी आवृत्त्या आहेत. भाषा जुनी, अडेल. पण आजी शेजारी असली तर निम्मे शब्द तीच सोडवून देते.

नारळी पौर्णिमा जवळ आली की घाई सुरू होते. नौका पाण्यात ढकलण्यापूर्वी प्रत्येक बापाने एकदा शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटावे. दर वेळी आईलाच पाठवू नये. मुलाला सोबत न्यावे, आणि शिक्षक तक्रार सांगू लागले तर तिथेच त्याच्यावर हात उगारू नये. घरी येईपर्यंतचा रस्ता बोलण्यासाठी पुरेसा लांब असतो.