आग्नेयेची खिडकी

२००५ च्या दिवाळीत आमच्या घरी उपग्रह रेडिओ आला. नाना, म्हणजे माझे सासरे, पोस्टातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला न विचारता स्वतःसाठी काही विकत घेतलं होतं. दुकानातून आलेल्या मुलाने सेट हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी मांडला, वायरींची वेटोळी सोडवली आणि खिशातून होकायंत्र काढलं. आमचा हॉल पश्चिमेला. तो खिडकीशी गेला, परत आला, मग सगळ्या खोल्यांतून फिरून म्हणाला, "काका, हा इथे नाही वाजणार. याला आग्नेय दिशा लागते."

कर्वेनगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आग्नेयेला एकच खिडकी आहे, स्वयंपाकघराची. एखाद्या खिशातल्या डायरीएवढा चपटा चौकोनी अँटेना त्याने तिथल्या ग्रिलला बांधला, त्याचं तोंड आकाशात निम्म्या उंचीवर वळवलं आणि सेटच्या छोट्या पडद्यावरच्या सिग्नलच्या पट्ट्या भरत जाईपर्यंत बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत राहिला. पट्ट्या भरल्या आणि एकदम तंबोरा ऐकू आला. कुठून तरी लांबून आल्यासारखा मुळीच नाही. डाळीच्या डब्यांमागे कुणी बसून छेडत असावं, इतका जवळून. सेटची जागा तिथेच ठरली, मिक्सरच्या बाजूला, मिसळणाच्या डब्याच्या वर.

तो अँटेना कुणाकडे बघत होता ते नानांनी मला पुढे कागदावर काढून दाखवलं. वर्ल्डस्पेस नावाची ती सेवा. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये ती कंपनी काढली, ती आफ्रिका आणि आशियातल्या ज्या माणसांपर्यंत वर्तमानपत्र, टेलिफोन, धड रेडिओही पोचत नव्हता, त्यांच्यासाठी. आधी आफ्रिकेसाठी अफ्रिस्टार हा उपग्रह गेला आणि मार्च २००० मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून एरियान रॉकेटने एशियास्टार वर नेऊन सोडला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, १०५ अंश पूर्व रेखांशावर तो पृथ्वीच्याच गतीने फिरत होता, म्हणून आमच्या खिडकीतून बघणाऱ्याला कायम एकाच जागी. समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून हातभर वर, असं नाना सांगत. दिसत अर्थातच काही नव्हतं. पण संध्याकाळी कुकर लावताना माझी नजर त्या टाकीच्या वर जायची, आणि तिथे आपल्यासाठी काहीतरी आहे या जाणिवेनं बरं वाटायचं. कुठल्या तरी शहरातून निघालेला सूर वर जाऊन पुन्हा खाली आमच्या ओट्यावर यायला पाव सेकंदाच्या आसपास लागत होता.

जुन्या रेडिओचं दुखणं आणि याचं दुखणं वेगळं होतं. शॉर्टवेव्हवर गाणं यायचं ते लाटेवर बसून, मध्येच बुडायचं, शिट्ट्या वाजायच्या, तरी धागा हाती असायचा. उपग्रह रेडिओवर खरखर म्हणून नाही. एक तर सगळं स्वच्छ, नाहीतर काहीच नाही. पहिल्याच उन्हाळ्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्टीलची मोठी परात भरून सांडगे त्या खिडकीत वाळत ठेवले, आणि आत विलंबित ख्याल रंगात आलेला असताना घर एकदम मुकं झालं. सेट बिघडला असं वाटून नाना स्टुलावर चढले, वायरी काढून पुन्हा लावल्या. परात जागची हलली तेव्हा गाणं परत आलं, पण मधली चार-पाच आवर्तनं गेली ती गेलीच. त्या दिवसापासून ग्रिलचा उजवा कोपरा गाण्याचा ठरला. वाळवण डावीकडे.

माझ्या लेखी त्या रेडिओची सगळ्यात मोठी करामत गाण्याच्याही अलीकडची आहे. नानांना मी लग्न होऊन आल्यापासून ओळखत होते ते हॉलमधल्या खुर्चीत. चहा त्यांना तिथे नेऊन द्यायचा, जेवायला बोलवायचं, एवढाच आमचा संवाद. वाईट काही नव्हतं, बोलण्यासारखं काही नव्हतं. स्वयंपाकघर हा त्यांच्या घरातला जणू परका मुलूख होता. आता त्यांचं गाणंच तिथे जाऊन बसलं. पहिले दोन दिवस ते हॉलमधून आवाज मोठा करायला सांगत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. मग जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून घेतली. आणि ज्या घरात सगळे हात चाललेले असतात तिथे नुसतं बसून राहणं फार वेळ जमत नाही, म्हणून एका सकाळी त्यांनी समोरची मटाराची पिशवी ओढली आणि शेंगा सोलायला लागले. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघी काही न बोलता आपापल्या कामाला लागलो. त्यानंतर चारेक वर्षं आमच्या घरची मेथी, गवार, वाल, लसूण नानांनी निवडलं. लसूण सोलताना ते पाकळी अंगठ्याखाली दाबून ठेवत आणि सम आली की सोडत.

'गंधर्व' हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचं चॅनेल त्यांचं. दिवसभर तेच. जाहिरात नाही, मध्येच गाणं तोडणं नाही, वेळ संपली म्हणून द्रुत कापणं नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा एखादा अनवट राग सुरू झाला की नाना हाताने मला थांबायची खूण करत, म्हणजे मी फोडणी थांबवायची. मोहरीचा तडतडाट त्यांना त्या स्वरांवर नको असे. मला राग ओळखू येत नव्हते. अजूनही थोडेच येतात. पण रोज तीन-चार तास कानावरून गेलेलं काहीतरी ठरतंच आत. एके दिवशी पोळ्या लाटताना मी सहज म्हटलं, "नाना, हा कालच्यासारखा वाटतोय, पण यात काहीतरी कमी आहे." त्यांनी भाजी बाजूला ठेवली. काल भूप होता, आज देशकार, स्वर तेच पाच, वजन मात्र वेगळ्या जागी, हे त्यांनी मला टेबलावर मटार मांडून समजावलं. गंधारावर दोन मटार, धैवतावर एक. मग धैवतावर दोन, गंधारावर एक. संगीताच्या पुस्तकातून मला हे कधी समजलं नसतं.

दुपारी आईंची पाळी. त्यांना 'फरिश्ता'वरची जुनी हिंदी गाणी आवडत, कधी मराठीसाठी 'सुरभी'. माझी मुलगी शाळेतून आली की 'झंकार'. एकच सेट, एकच खिडकी, त्यामुळे ज्याची पाळी त्याचं गाणं बाकीच्यांनीही ऐकायचं. मला वाटतं, घरातल्या करमणुकीत ही सक्ती हवीच. आईंना किशोरी आमोणकर आवडू लागल्या त्या अशाच, दुसऱ्याच्या पाळीत. आणि नानांनी आयुष्यभर टाळलेलं कर्नाटक संगीत त्यांच्या कानांत गेलं, ते माझ्या हाताला पीठ लागलेलं असताना कोपराने भलतंच बटण दाबलं गेलं म्हणून. चॅनेल 'श्रुती' होतं. निवेदनात तोडी असं ऐकलं आणि नाना सरसावून बसले. गाणं सुरू झालं. "तोडी? ही तर भैरवी आहे!" ते जवळजवळ ओरडलेच. मग पुढचा आठवडा त्यांनी वाचनालयातून पुस्तकं आणण्यात घालवला. दक्षिणेतली तोडी म्हणजे आपल्या भैरवीचे स्वर, आपली तोडी तिकडे शुभपंतुवराळी, तिकडचा हिंदोळम् म्हणजे आपला मालकंस, मोहनम् म्हणजे भूप. साठी ओलांडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नवं काही सापडल्याचा आनंद कसा दिसतो, तो मी त्या आठवड्यात पाहिला.

ऐकण्यासाठी पैसे भरायचे, वर्षाची वर्गणी द्यायची, हे शेजाऱ्यांना विचित्र वाटे. रेडिओला कुठे पैसे पडतात? नानांना मात्र त्यात गैर काही दिसत नव्हतं. त्यांची नोकरी लागली तेव्हा घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि तो पोस्टातून मिळे. दरवर्षी लोक आपापलं पुस्तक घेऊन खिडकीशी येत, पैसे भरत आणि नाना त्यावर शिक्का मारत. ऐंशीच्या दशकात ते परवाने बंद झाले. "माणसं रांगेत उभी राहून, रेडिओचे पैसे भरून, हसत जात," ते सांगत. "गाणं फुकट असतं असं आमच्या वेळी कुणाच्या मनातही नव्हतं."

त्यांचं स्वतःचं ऐकणं सुरू झालं ते दुसऱ्याच्या रेडिओवर. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडी. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात एकूण ५६. पुढचं गीत ऐकायचं तर आठवडाभर थांबण्यावाचून इलाज नाही. त्या बिऱ्हाडाच्या ओटीवर मुलं खाली, बायका उंबऱ्याशी, पुरुष अंगणात असे सगळे बसत. "आणि बोलत कोण होतं?" मी एकदा विचारलं. "कुणीच नाही," नाना म्हणाले, "पण त्या वर्षात वाड्यातली भांडणं कमी झाली होती."

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या गाडीतही उपग्रह रेडिओ आहे. तिकडे हा प्रकार गाड्यांमध्येच रुजला. एक्सएम २००१ मध्ये सुरू झालं, पाठोपाठ सिरियस, आणि २००८ मध्ये दोन्ही एक झाली. शहरांत उंच इमारतींआड उपग्रह दिसेनासा झाला तरी जमिनीवरचे मनोरे तोच कार्यक्रम पुढे पोचवतात, त्यामुळे धावत्या गाडीत तो तुटत नाही. आपल्याकडे ती सोय नव्हती. अँटेनाने एका जागी स्थिर बसून आकाशाच्या त्या एका बिंदूकडे बघत राहायचं, तरच गाणं. तंत्र जाणणारे याला उणीव म्हणतील, आणि धंद्याच्या हिशेबाने ती होतीही. पण या उणिवेमुळेच आमच्याकडे तो रेडिओ घराचा राहिला. कुणी तो उचलून आपल्या खोलीत नेऊ शकला नाही. भाची दीड तास एकटी गाडी चालवत ऐकते. आम्ही चौघं एका ओट्याभोवती ऐकत होतो.

३१ डिसेंबर २००९ ला वर्ल्डस्पेसची भारतातली सेवा थांबली. मूळ अमेरिकी कंपनीने त्याच्या आदल्या वर्षी दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता, त्यामुळे नानांना कल्पना होती. त्या संध्याकाळी आम्ही बाहेर गेलो नाही. आईंनी मुगाची खिचडी टाकली, नानांनी पापड भाजले, आणि नऊच्या सुमारास बागेश्री लागला होता तो आम्ही ताटं तशीच ठेवून ऐकला. १ जानेवारीच्या सकाळी गंधर्व नव्हतं. परातीने अडवल्यावर व्हायची तीच शांतता, फक्त हलवायला समोर परात नव्हती. नाना सवयीने खुर्चीत येऊन बसले. जरा वेळाने त्यांनी कोथिंबिरीची जुडी ओढली आणि निवडायला घेतली.

मला भीती होती की ते आता हॉलमध्ये परत जातील. ते गेले नाहीत. आम्ही डब्याच्या वर साधा ट्रान्झिस्टर ठेवला, मग विविध भारती आली, बातम्या आल्या. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी आकाशवाणीने 'रागम' हे चोवीस तासांचं शास्त्रीय संगीताचं चॅनेल सुरू केलं. मी ते फोनवर लावून, फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून त्यांच्यापुढे ठेवला, म्हणजे आवाज घुमून मोठा होतो. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "हा कुठे बघून वाजतो?" फोनला कुठेच बघावं लागत नाही हे त्यांना पटायला वेळ लागला.

नाना जाऊन आता पाच वर्षं झाली. घरात ऐकण्या-पाहण्याची साधनं आता इतकी आहेत की मोजायला बसावं लागेल. मुलीच्या कानात तिचं गाणं, नवऱ्याच्या हातात त्याची मालिका, आणि मला हवा तो राग, हव्या त्या गायकाचा, नुसतं नाव उच्चारलं की लागतो. याबद्दल मी कृतज्ञ आहे. ज्या गायकांची एक ध्वनिमुद्रिका मिळवायला नानांनी वर्षं घालवली ते सगळे आता माझ्या फोनमध्ये आहेत. पण सकाळी स्वयंपाक करताना मी काही मागत नाही. रागम लावते आणि जे येईल ते येऊ देते. कुणीतरी अनोळखी माणसाने, कुठल्या तरी स्टुडिओत बसून, हे आज लोकांनी ऐकावं असं ठरवलेलं असतं. मी मागून घेतलं असतं तर मला देशकार कधी भेटलाच नसता. मुलगी रविवारी उशिरा उठून चहाला येते, एका कानातलं काढते आणि विचारते, "आई, हे काय लागलंय?" माहीत असलं तर सांगते. नसलं तर दोघी शेवटपर्यंत थांबतो, नाव ऐकायला.

अँटेना आम्ही ग्रिलवरून कधीच काढून ठेवला. गेल्या एप्रिलमध्ये आईंनी कुरडया घातल्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, हात थरथरतात, तरी परात स्वतःच उचलतात. खिडकी उन्हाने भरली होती आणि अख्खं ग्रिल मोकळं होतं. त्यांनी परात टेकवली, जरा विचार केला, आणि हळूच डावीकडे सरकवली.